जवारी लावलेली वीज

चैत्राचं ऊन मिरजेच्या त्या गल्लीत उतरायचं ते थेट भोपळ्यांवर. आढ्याला टांगलेले, ओसरीत ओळीने मांडलेले, पोटातून पोखरलेले, दूर भीमाकाठच्या मळ्यांतून आलेले ते सुवर्णपीत, महाकाय, धीरगंभीर भोपळे. ऊन त्यांच्या पाठींवरून मधासारखं ओघळे. आणि वारा त्यांच्या रित्या मुखांशी ओठ टेकवून एकच दीर्घ, धूसर, अर्थगर्भ हुंकार देई.

त्या हुंकारात शमीम वाढली.

तिचे अब्बा, दस्तगीर शिकलगार, तंबोरे घडवत. तारा ज्या हाडाच्या घोडीवरून जातात, त्या घोडीवर ते कानस फिरवत. एकदा, मग थांबून, कान देऊन, पुन्हा एकदा. आणि मुकी तार एकाएकी उजळे. झंकारे. एका सुराच्या उदरातून अनेक सुरांची आभा फाके, जशी दवबिंदूतून सप्तरंगांची फाकते. याला जवारी लावणं म्हणतात.

"तार घोडीला नुसती शिवली पाहिजे," अब्बा सांगत. "दाबली तर मेली. सोडली तरी मेली."

मग एका वर्षी डबा आला. काळा, चौकोनी, पिशवीत मावणारा. बटण दाबलं की तंबोऱ्यासारखं काहीतरी अखंड वाजायचं. गवई तो प्रवासात नेऊ लागले, मग रियाजाला घेऊन बसू लागले, मग मैफलीतही तो त्यांच्या मांडीशी दिसू लागला. अब्बांच्या हाताखाली पाच कारागीर होते, दोन उरले. घरात कुणी त्या वस्तूचं खरं नाव घेत नसे. नुसतं 'डबा' म्हणत, आणि म्हणताना मान वळवत.

एका गवयाने बिघडलेला डबा ओसरीवर तसाच टाकून दिला, आणि सतरा वर्षांच्या शमीमने तो उघडला.

आत हिरवी पट्टी. पट्टीवर तांब्याच्या निमुळत्या वाटा, वाटांच्या वळणावळणांवर चिमुकल्या रंगीत कांड्या. जणू उंचावरून दिसणारं, निर्मनुष्य, निःशब्द नगर. ती पाहत राहिली. पाहता पाहता तिला उमगलं, की या नगरात सूर धावतो खरा, पण कुठेच कशाला घासत नाही. कुठेच कशाला शिवत नाही.

अब्बा दारात उभे होते.

"घर बुडवणाऱ्या वस्तूला हात लावलास."

"हिला कुणी जवारीच लावलेली नाही, अब्बा. मी लावते."

"विजेला?"

"विजेला."

ते कानस उचलून आत गेले. त्या दिवसापासून तिच्या कामाबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही. मौन हे त्यांचं दुसरं हत्यार होतं, आणि तेही त्यांनी वर्षानुवर्षं धारदार ठेवलं.

शमीम पुण्याला आली. तपकीर गल्लीत वैद्यकाकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे ती परक्यांचे रेडिओ बोलके करी, आणि उरलेल्या वेळात माळ्यावर स्वतःचं यंत्र जुळवी. माळ्यावर रोज एकच वास: वितळलेल्या कथिलाचा. बोटांवर चटक्यांच्या रेषा. कानात एकच ध्यास. सुराची लाट शिखराला पोहोचेल तिथे तिला एक अडथळा हवा होता. अगदी अलवार, अगदी अल्प, लाटेला न मोडता तिला फेसाळून सोडणारा. यंत्र कधी किंचाळलं, कधी गुरगुरलं, कधी जळून गेलं. चौथ्या वर्षी, एका उन्हाळी दुपारी, ते झंकारलं.

वैद्यकाका शिडीवरून वर आले. बराच वेळ पायरीवरच उभे राहिले.

"हे काय वाजतंय, शमीम?"

"अजून नाव नाही, काका."

त्या अनामिक नादातून तिने रचना बांधल्या. मेघांसारख्या मंद, महिषांसारख्या कृष्णवर्ण, भरतीसारख्या पावलापावलाने चढणाऱ्या. तिची पहिली कॅसेट ऐकून जाणते म्हणाले, यंत्राला आत्मा नसतो. तरुण म्हणाले, यावर नाचायचं कसं? दोघांनाही तिने एकच उत्तर दिलं: दुसरी कॅसेट. आणि मग तिसरी.

तिसरी ऐकून मुंबईच्या एका कंपनीचा माणूस माळ्यावर आला. सुगंधी, सुवेष, मृदुभाषी. सगळं पसंत आहे म्हणाला. "फक्त ती मागची भुणभुण तेवढी काढा, मॅडम. मग बघा, घराघरांत वाजाल."

"भुणभुण काढली तर डबाच उरेल," शमीम म्हणाली, आणि त्याला शिडी उतरताना डोकं सांभाळायला सांगितलं.

घराघरांत ती वाजली नाही. पण बंगळुरूच्या एका नर्तकीने तिच्या नादावर देह तोलला. दूरदेशीच्या एका रेडिओने तिला अख्खा तास दिला. हिमप्रदेशातल्या, सागरतटांवरच्या अनोळखी माणसांची पत्रं तपकीर गल्लीत येऊ लागली. माळ्याची शिडी शिकायला येणाऱ्यांच्या पावलांनी झिजली. चाळिशीला टेकलेल्या शमीमच्या केसांत पहिली रुपेरी तार आली, तेव्हा शहरातल्या जुन्या, मानी संगीतसभेने तिला बोलावलं. सकाळच्या सत्रात, वीस मिनिटांसाठी, बऱ्याच वादानंतर.

सभागृह शुभ्र होतं. मंचावर शुभ्र बैठक, समोर शुभ्र सदरे, शुभ्र भुवया. उंच खिडक्यांतून प्रकाशाचे तिरके स्तंभ उतरले होते. शमीमने यंत्र मांडलं आणि षड्ज सोडला.

पाचव्या मिनिटाला कुजबुज उठली. सातव्याला खुर्च्या सरकल्या. माणसं दाराकडे निघाली. दहाव्याला अध्यक्ष नानासाहेब जठार उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला.

"पुरे, बाई. ही सुरांची जागा आहे."

शमीमचे हात यंत्रावरच राहिले. तिने नाद थांबवला नाही, वाढवला. खर्ज खोल गेला, जमिनीत गेला, बैठकीखालून सरकत पहिल्या रांगेच्या तळव्यांना भिडला. तिचा चेहरा तापल्या तांब्यासारखा झाला होता. माळ्यावरची सारी वर्षं, बोटांचे सारे चटके, सारे नकार त्या एका नादात उभे होते, ताठ, अवनत न होणारे. जठारांचा हात हवेत तसाच होता. तिची नजरही तशीच.

तेवढ्यात चौथ्या रांगेतून एक आवाज आला. सावकाश, खरखरीत, मिरजेच्या गल्लीतल्या सगळ्या लाकडांनी ओळखलेला.

"पंचम चढलाय."

अब्बा. पांढरी टोपी, गुडघ्यावर दोन्ही हात. कुणी कळवलं, कधी निघाले, कसे आले, तिला काहीच ठाऊक नव्हतं. सभागृह वळून त्या वृद्ध कारागिराकडे पाहू लागलं. त्याने कुणाकडेच पाहिलं नाही.

"उष्म्यानं चढलाय. उतरव."

शमीमने कान दिला. खरंच होतं. संतापात तिच्याही हातून ते निसटलं होतं. तिने भर सभेत, अध्यक्षांच्या उंचावल्या हाताखाली, मान लववून एक कळ मागे फिरवली. थोडी. आणखी थोडी.

"आता वाजव," अब्बा म्हणाले.

पंचम षड्जाला मिळाला. मिळाला, आणि नाद फुलला. सहस्रदल, सहस्रकिरण, सघन. दारापाशी पोहोचलेली माणसं दारापाशीच थांबली. कुणी परत येऊन बसलं नाही, कुणी बाहेरही गेलं नाही. जठारांचा हात हळूहळू खाली आला.

आणि उंच खिडक्यांच्या काचा थरथरू लागल्या. एक, मग दुसरी, मग सगळ्या. त्यांच्याबरोबर प्रकाशाचे ते तिरके स्तंभही थरथरले, शुभ्र सदऱ्यांवर, शुभ्र भुवयांवर, शुभ्र बैठकीवर, पाण्यावर हलावं तसं ऊन हलत राहिलं, हलत राहिलं.