शिंगावर राहिलेली बर्फकुऱ्हाड

मी एक बर्फकुऱ्हाड बोलतेय. कुदळ नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण कोल्हापुरात असताना येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक वडीलधाऱ्यानं मला कुदळच म्हटलं आणि दर वेळी माझं डोकं फिरलं. मला डोकं आहे. त्याच्या एका बाजूला खाली वळलेली दातेरी चोच आहे आणि दुसऱ्या बाजूला हातोडी. चोच बर्फात रुतते आणि माणूस तिच्यावर सगळा भार टाकून वर चढतो. कुदळीला हे जमतं का?

सध्या माझा मुक्काम हिमालयात, एका शिखराच्या माथ्याखाली, खडकाच्या भेगेत. नकाशावर या शिखराला नाव नाही, नुसता उंचीचा आकडा आहे, सात हजार मीटरला जेमतेम कमी. आमच्या पोरी त्याला ‘शिंग’ म्हणायच्या. म्हशीच्या शिंगासारखं ते शेंड्याशी मागे वळलंय म्हणून. इथे वाऱ्याशिवाय कुणी बोलत नाही, आणि वारा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, अगदी घरातल्या म्हाताऱ्यांसारखी. मग मी त्याचं ऐकणं सोडून देते आणि कोल्हापूर आठवत बसते.

माझा जन्म तिकडे परदेशात, कुठल्याशा भट्टीत झाला. लोखंड तापवून, ठोकून, बेतानं थंड करून माझ्या चोचीला पाणी दिलं. हे पाणी म्हणजेच आमचा जीव. ते असलं तर टोक काचेसारख्या बर्फावरही वाकत नाही, आणि उतरलं तर टोक मेणाचं होतं. एका गोऱ्या पाहुण्यानं मोहीम संपल्यावर मला मनालीतल्या दुकानात सोडलं. तिथे नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एक सावळी, काटकुळी पोरगी आली. तिनं मला उचललं, हवेत दोनदा फिरवलं आणि दुकानदाराला मराठीतच म्हणाली, “हीच पाहिजे.” त्याला शब्द नाही कळले, पण तोंडावरचा भाव कळला.

ती संघप्रिया. कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीची, शहरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. गिर्यारोहणाचा कोर्स करून घरी निघाली होती.

घर लहान होतं. पुढे ओसरी, मागे नळ आणि शेवग्याचं झाड. आई ती लहान असतानाच गेलेली, म्हणून आत्या चिमणाबाईनं तिला वाढवलं होतं. वडील आण्णा उद्यमनगरातल्या फौंड्रीत कामाला होते. भट्टीतून ओतून निघालेल्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, नगांच्या खडबडीत कडा ग्राइंडरवर घासून काढायच्या, हे त्यांचं काम. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या कपड्यांना जळक्या वाळूचा वास यायचा. इथे या निर्मळ हवेत मला सगळ्यात जास्त कशाची आठवण येत असेल, तर त्या वासाची.

मला बाबासाहेबांच्या फोटोशेजारच्या खिळ्यावर टांगलं. चिमणाबाईनं मला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, “हिमालयात ऊस तोडाय चाललीयास व्हय?”

“न्हाय आत्या, खणून पलीकडं जायचं हाय,” संघप्रिया म्हणाली.

ती अशीच होती. शब्द खाली पडू द्यायची नाही. तिची जोडीदारीण ऋता शहरातल्या मास्तरांच्या घरातली, मोजून बोलणारी. दोघी पावसाळ्यात गगनबावड्याच्या कड्यांवर सराव करायच्या. बर्फ नाही म्हणून ओल्या मातीत माझी चोच मारायच्या. वरून कुणीतरी छत्रीवाला वाकून विचारायचा, “काय पावणं, हिर खणताय का काय?” धुक्यात पोरींचं हसू घुमायचं. माझे दात चिखलानं भरायचे. तेव्हा मला फार राग यायचा. आता तो चिखल कुणी दिला तर मी डोक्यावर घेईन.

आता आण्णांच्या सवयीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यातून घडलं. गल्लीतल्या साऱ्या विळ्या, खुरपी, कोयते आण्णांकडे यायचे. ते पिशवीत घालून फौंड्रीत न्यायचे, जेवणाच्या सुट्टीत ग्राइंडरला लावायचे आणि संध्याकाळी ज्याचं त्याला परत करायचे. कुणाच्या घरी लग्न असो की बारसं, आण्णांचा आहेर म्हणजे धार. लेकीला तोंडानं शाबासकी देणं त्यांना कधी जमलं नाही. तेव्हा शिंगाच्या पहिल्या मोहिमेला निघायच्या आदल्या दिवशी, ती सामान बांधत असताना, त्यांनी गुपचूप मला पिशवीत घातलं.

फौंड्रीत ग्राइंडर सुरू झाला. ठिणग्या उडाल्या. माझं टोक तापलं, पिवळं पडलं, मग मोरपिसासारखं निळं झालं. तो निळा रंग म्हणजे माझा जीव निघून चालल्याची खूण. आण्णांनी मात्र तो निरखून बघितला, खूश झाले, आणि मग पॉलिश पेपरनं घासून टोक चांदीसारखं चमकवलं. त्यात निळेपणाही पुसला गेला. बिडाला पाणी नसतं. ते कितीही तापलं तरी त्याचं काही बिघडत नाही. ज्यांनी जन्मभर बीडच घासलं, त्यांना माझी भीती कशी कळणार? पण विचारायला काय झालं होतं? मला पिशवीत घातलं तेव्हा लेक शेजारच्याच खोलीत होती. विचारण्यापेक्षा करून मोकळं होणं वडीलधाऱ्यांना सोपं वाटतं.

स्टेशनवर त्यांनी मला तिच्या हातात दिलं. “बघ की, कशी झालीया.”

गाडी हलायला लागली होती. तिनं टोकावर बोट ठेवलं आणि मनापासून हसली. आण्णांनी लगेच दुसरीकडे बघितलं.

शिंगाची शेवटची भिंत उभी आहे, निळ्या, कडक बर्फाची. तिथे एका हातात एक अशा दोन कुऱ्हाडी लागतात, आणि बुटांच्या काट्यांची टोकंच काय ती टेकतात. संघप्रिया पुढे होती, ऋता खाली दोर धरून. माथा इतका जवळ होता की त्यावरून उडणारा भुगा तिच्या तोंडावर येत होता. तिनं मला मारलं. टणक आवाज आला. पुन्हा मारलं. तिसऱ्या घावाला माझं टोक वाळल्या पानाच्या शेंड्यासारखं वळलं.

तिनं मला डोळ्यांपुढे धरलं. ती सायन्सची पोरगी, तिला लगेच कळलं.

“आण्णा,” ती म्हणाली. एवढंच.

ऋता आपली कुऱ्हाड दोरावरून वर पाठवायला निघाली होती, पण तेवढ्यात ढग वर चढले आणि दोघींना परत फिरावं लागलं. उतरताना संघप्रिया रडली नाही. मी तिच्या पाठीवर होते, मला तिचा श्वास कळत होता. रडली असती तर बरं झालं असतं.

कोल्हापुरात सत्कार झाला. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल. एक वयस्कर पाहुणे माईक सोडेनात. मुलींच्या मानानं हेसुद्धा खूप झालं, असं त्यांनी तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. संघप्रियाला दोन शब्द बोलायला उठवलं, तर ती म्हणाली की माथा राहिलाय, नारळ परत घेऊन ठेवा, पुढच्या वेळी लागेल. आणि खरोखरच नारळ टेबलावर ठेवून आली. ऋताच्या वडिलांनी हसू लपवायला चष्मा पुसला.

घरी आण्णा वाट बघत होते. जेवायला बसल्यावर त्यांनी विचारलं, “धार कामाला आली न्हवं?”

ती खोटं बोलेल असं मला वाटलं. चिमणाबाई डोळ्यांनी तेच सांगत होती. पण तिनं मला खिळ्यावरून काढलं आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. “आण्णा, हिचं पाणी तुमी उतरवलंसा. म्हणून मी खाली आले.”

“तीस वर्सं ग्राइंडरवर हाय मी.”

“तीस वर्सं बीड घासलंसा. हे बीड न्हाय.”

आण्णांनी वळलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. मग हात धुतला आणि उठून गेले. ताटात भाकरी तशीच राहिली. चिमणाबाई तिला पुष्कळ बोलली. बापाला असं तोंडावर सांगतात का, शिकून हेच शिकलीस का. संघप्रिया म्हणाली की डोंगरानंही तोंडावरच सांगितलं, त्याला कुणी काही म्हणत नाही. पण रात्रभर ती कूस बदलत होती.

त्यानंतर मला कुणी हात लावला नाही. संघप्रिया हातकणंगल्याला शाळेत विज्ञान शिकवायला लागली. बाप-लेक एकमेकांशी बोलायचे, पण पाऊस, भाजी आणि एस.टी. यांच्या पलीकडे नाही. डोंगराचा विषय निघाला की आण्णा उठून नळाकडे जायचे. गल्लीतल्या विळ्याही त्यांनी घेणं बंद केलं. बायका विचारायच्या, तर हात दुखतो म्हणायचे. माझ्यावर गंज चढत गेला. मी बापावर चिडले होते, लेकीवरही. एकाला चूक झाली म्हणता येईना आणि दुसरीला जाऊ दे म्हणता येईना.

मग एका आषाढातल्या रविवारी आण्णांनी मला खाली उतरवलं. मागच्या दारी शेवग्याखाली पोतं अंथरलं, पाण्याची बादली घेतली आणि कानस घेतली. ग्राइंडर नाही, साधी हातकानस. मऊ झालेलं सगळं टोक घासून काढायचं आणि आतल्या कडक लोखंडातून नवं टोक काढायचं, असं कुणाला तरी विचारून आले होते. होय, विचारून. चार हात मारायचे, मला पाण्यात बुडवायचं आणि टोक गालाला लावून बघायचं. हातकानशीनं लोखंड तेवढं कधी तापत नाही. पण एकदा तोंड पोळलेलं माणूस ताकसुद्धा फुंकून पितं.

पाऊसभर दर रविवारी हेच. चिमणाबाई म्हणायची, “नात मांडीवर घिऊन बसल्यागत बसतोय.” ऋता आली की गंमत वाटून हसायची, पण आवाज न करता.

संघप्रिया पहिले काही रविवार दारातच उभी राहिली. एकदा ती येऊन पोत्याच्या कडेला बसली, तांब्या घेतला आणि माझ्या टोकावर धार धरली. आण्णा घासत राहिले. ती पाणी घालत राहिली. तिनं पाणी घातलं की ते थांबायचे, ते थांबले की ती घालायची. शेवग्याची पानं आमच्यावर पडत होती.

मग आण्णांनी मला तिच्या गालाजवळ नेलं. “थंड हाय का बघ.”

तिनं गाल टेकला. मला तिचा गाल ओला लागला. पाण्यानं असेल.

“व्हय आण्णा,” ती म्हणाली. “थंड हाय.”

तेवढीच माफी, मागितलेलीही आणि दिलेलीही. माझी चोच आखूड झाली होती आणि टोकाशी बारीक, सुईसारखी.

दोन हजार सालानंतर दोघी पुन्हा शिंगाकडे निघाल्या. नव्या, हलक्या, रंगीत कुऱ्हाडी बाजारात आल्या होत्या. ऋतानं समजावलं की जुनी ठेव घरी. संघप्रियानं एका हातात नवी घेतली आणि दुसऱ्यात मला. स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत आण्णा माझ्याकडेच बघत होते.

त्याच भिंतीवर, त्याच निळ्या बर्फात तिनं मला मारलं. मी रुतले. पुन्हा मारलं, पुन्हा रुतले. दर घावाला तिच्या नकळत तिचे ओठ ‘आण्णा’ म्हणत हलायचे. माथ्यावर दोघी गुडघ्यांवर बसून एकमेकींना धरून राहिल्या. ऋतानं पिशवीतून नारळ काढला. सत्कारातल्यासारखाच एक, वाटेतल्या गावातून आणलेला. थंडीनं दगड झाला होता, फुटेचना. दोघी हसून हसून खोकल्या.

उतरताना खडकाळ टप्प्यावर दोर अडकून कापावा लागला, आणि खडकात ठोकायचे खिळे संपले. खाली जायचं तर दोर कशाला तरी अडकवायला हवा. उजेड उतरत होता, ऋताची बोटं काम देईनाशी झाली होती. समोर खडकात एक चीर होती, फार अरुंद. संघप्रियानं नवी कुऱ्हाड घालून बघितली. तिची चोच जाड, ती शिरेना. मग तिनं मला घातलं. आण्णांनी इतक्या रविवारी घासून बारीक केलेलं टोक चिरेत असं सरकलं, जणू माप घेऊनच केलं होतं. तिनं नव्या कुऱ्हाडीच्या हातोडीनं मला ठोकलं आणि दोर दुहेरी करून माझ्यावर अडकवला, म्हणजे खाली गेल्यावर एक पदर ओढून तो काढून घेता येतो.

आधी ऋता उतरली. मी हलले नाही. मग संघप्रियानं हातमोजा काढला आणि माझ्या मानेवर बोटं ठेवली. घरातून निघताना आपल्याकडे जाते म्हणत नाहीत. ती म्हणाली, “येते.”

तिचा सगळा भार माझ्या टोकावर आला. टोक वाकलं नाही. मग भार नाहीसा झाला, दोराला खालून ओढ बसली, आणि त्याचं टोक माझ्या अंगावरून सरसरत गेलं. माझ्या कोल्हापूरचा तो शेवटचा स्पर्श.

दोघी सुखरूप पोचल्या. खालच्या बर्फावरून दोन ठिपके तंबूकडे जाताना मी बघितले. पुढचं मला माहीत नाही. पण मी तिला ओळखते. चूक झाली तेव्हा तिनं बापाला तोंडावर सांगितलं होतं, तर त्यांनी घासलेल्या टोकानं दोघींना तारलं, हेही तोंडावरच सांगितलं असेल. आण्णा उठून नळाकडे गेले असतील, तोंड धुवायला.

तुमच्यापैकी कुणी कधी शिंगावर आलात आणि मी दिसले, तर मला उपटू नका. तुमचा दोर अडकवा, खुशाल भार टाका. आणि कधी गडमुडशिंगीच्या वाटेला गेलात तर शेवग्याच्या झाडाचं घर विचारा. आण्णा आता थकले असतील. ओसरीवर बसले असतील, गल्लीतल्या विळ्या पुन्हा घेत असतील, कानशीनं, सावकाश. मला कुदळ म्हणाले तरी चालेल. त्यांना फक्त एवढं सांगा, की तुमच्या कुऱ्हाडीनं निरोप दिलाय.

आण्णा, टोक थंड हाय.