मेन पाडायच्या आधी

खंडेनवमीच्या सकाळी साडेदहाला निलोफरनं ‘हो’ची कळ दाबली आणि आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. बरं, दाबण्याआधी स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचावं की नाही? नाही वाचलं. या संगणकवाल्या पोरापोरींना ही खोडच असते. मशीन बिचारं विचारतं, करू का? हे म्हणणार, कर रे बाबा, विचारतोस कशाला!

चाकणच्या त्या कारखान्यात गाड्यांच्या दारांचे पत्रे दाबून निघायचे. कोणता साचा, किती दाब, किती नग, हे सगळं लाइनीशेजारच्या कपाटातल्या सर्व्हरवरचा एक जुनाट प्रोग्राम ठरवायचा. सर्व्हरवर लिनक्स होतं. तसं ते कुणालाही फुकट मिळतं, पण कंपनीनं सपोर्टसकट विकत घेतलेलं, म्हणजे अडलंनडलं तर पलीकडे फोन उचलायला माणूस. त्यांची अट एकच होती: बाहेरचं काही आत आणायचं नाही.

आणि निलोफरनं नेमकं तेच केलं होतं. लाइनीवर नवा कॅमेरा बसवायचा होता. त्याला चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, तयार मिळत नव्हता, सर्व्हरवरच बांधून घ्यावा लागणार होता, आणि त्यासाठी लागणारी बिल्ड टूल्स, म्हणजे कंपायलर आणि त्याचा सगळा गोतावळा, आधी टाकायला हवी होती. ती सपोर्टवाल्यांच्या वेगळ्या, बंद भांडारात. भांडार उघडायला हेड ऑफिसला मेल करायची, ती तिनं सोमवारीच केली होती. पण दसऱ्याच्या आठवड्यात मेलला उत्तर देतंय कोण? इकडं आयटीचे विलास सर सकाळपासून मानेवर बसलेले. “पूजा झाल्यावर लाइन सुरू होताना मोठे साहेब कॅमेरा बघणारेत. कसं करायचं ते तू बघ.”

तिनं बघितलं. त्याच लिनक्सची फुकटातली सख्खी बहीण असते, तिच्या भांडारातून टूल्स ओढून घेतली. कॉलेजात सगळे हेच करायचे. एकशेसाठ वस्तू आल्या, अकरा बदलल्या गेल्या आणि यादीच्या तळाशी एक ओळ उरली: काढून टाकलं, एक.

ती ओळ वाचली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. काढून टाकलेली ती एक जुनी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांना लागणाऱ्या तयार कोडची फाइल होती, आणि लाइनीचा प्रोग्राम तिच्यावरच उभा होता.

पलीकडे प्रेस चालूच होता. धप्प. धप्प. चालू प्रोग्रामनं ती लायब्ररी मेमरीत धरून ठेवली होती म्हणून चालू होता. एकदा बंद पडला की परत उठणार नव्हता. आणि बरोबर अकराला मेन पाडायचं होतं, म्हणजे अख्ख्या शेडची वीज बंद.

वर्षातून एकदा, खंडेनवमीला, या शेडमध्ये सगळं बंद होतं. मेन पाडतात, मशीन धुतात, पुसतात, झेंडूच्या माळा घालतात, सर्व्हरच्या कपाटालासुद्धा. पूजा होते, नारळ फुटतो आणि सगळ्यात जुना कामगार हिरवं बटण दाबतो. यूपीएसची बॅटरी पावसाळ्यापासून मेलेली, नवीच्या मागणीचा कागद कुठल्या तरी टेबलावर निजलेला. म्हणजे मेन पडलं की सर्व्हर पडणार, आणि बारा वाजता ऐंशी माणसं हात जोडून उभी असताना लाइन ढिम्म हलणार नव्हती.

दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर शिव्या खाऊन भागलं असतं. निलोफरचं तसं नव्हतं. तिचे अब्बा, लालमहंमद, याच शेडमध्ये फिटर होते. चौदा वर्षांपूर्वी अशाच खंडेनवमीला पूजेनंतर प्रेस तीन तास सुरू झाला नाही. आदल्या संध्याकाळी मशीन तपासून नट-बोल्ट आवळले होते अब्बांनी. कुणीतरी कुजबुजलं, “याचा हात लागला पूजेच्या मशीनला.” कावळा बसायला आणि फांदी मोडायला! आठ दिवसांत अब्बांचा गेट पास गेला. तेव्हापासून कासारवाडी स्टेशनजवळ त्यांचं गॅरेज आहे. त्या दिवसाबद्दल ते कधी चकार शब्द काढत नाहीत. फक्त आज सकाळी डबा देताना म्हणाले होते, “बेटा, आजच्या दिवस रजा घे ना.”

कंत्राटावर नऊ महिने झाले होते तिला. ऐकायला हवं होतं अब्बांचं. आता बाप-लेकीची एकच गोष्ट सांगतील लोक, आणि पिढ्यान्‌पिढ्या सांगतील.

तिनं सपोर्टला फोन लावला. रेकॉर्ड केलेला आवाज गोडपणे म्हणाला, आमचा प्रतिनिधी चाळीस मिनिटांत संपर्क करेल. घड्याळात दहा पन्नास. विलास सर साहेबांना आणायला गेटवर गेलेले. धप्प, धप्प. प्रत्येक ठोक्याला तिला वाटे, आहे, अजून आहे. दोन ठोक्यांमध्ये मात्र जीव नुसता टांगलेला.

मेनच्या खटक्याशी अर्जुनराव उभे होते. चाकणजवळच्याच गावचे, शेडमधले सगळ्यात जुने ऑपरेटर. या दिवाळीत रिटायर होणार. खटका तेच पाडायचे आणि हिरवं बटण तेच दाबायचे. नऊ महिन्यांत त्यांनी निलोफरकडे एकदाही सरळ बघितलं नव्हतं. ती जेवायला बसली की ते डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जायचे. म्हाताऱ्याला आपण अपशकुनी वाटतो, असं तिनं मनाशी पक्कं धरलं होतं. आणि आता त्याच म्हाताऱ्यापुढे तोंड उघडायचं होतं.

“काका, मेन पाडू नका,” ती म्हणाली. “माझ्या हातून चूक झालीय. आत्ता बंद केलं तर लाइन परत सुरू होणार नाही. सपोर्टचा फोन येईपर्यंत थांबा. पाया पडते तुमच्या.”

अर्जुनरावांच्या हातात कुंकवाची वाटी होती. ती त्यांनी खाली ठेवली.

“सुरू व्हनार न्हाई?” ते म्हणाले. “आज? पूजेला?”

“हो. आणि चूक माझी एकटीची आहे, काका. दुसऱ्या कुणाची नाही.”

म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. चेहरा असा पांढराफटक, जणू चूक त्याच्याच हातून झालीय. मग तो वळला आणि लाइनीवर ओरडला, “आरं, ह्यो लॉट पुरा झाला का? न्हाई ना? मग घाला की पत्रा! अर्धवट काम ठिवून देवीपुढं हात जोडता व्हय रं?”

“अहो अर्जुनराव, मुहूर्त!” हार घेऊन उभ्या असलेल्या ऑफिसातल्या वर्षाली मॅडम म्हणाल्या. “साहेब आलेत गेटवर.”

“मुहूर्त देवीचा आस्तो, सायबाचा न्हाई. लॉट पुरा झाल्याबिगर खटक्याला हात लावू देनार न्हाई मी कुनाला.” आणि खरंच खटक्याला पाठ लावून उभे राहिले.

अकरा झाले. सव्वा अकरा झाले. पत्रे संपत आले तसं अर्जुनरावांनी आणखी एक गठ्ठा मागवला. साहेब केबिनमध्ये चहावर चहा पीत होते, विलास सर अर्जुनरावांवर डाफरत होते आणि निलोफर फोन मुठीत धरून उभी होती. ओढणीचं टोक चावून चावून तिनं ओलं केलं होतं.

अकरा पंचवीसला फोन वाजला. सपोर्टची श्रद्धा, नागपूरकडची. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं पहिला प्रश्न हाच केला, “बाहेरच्या भांडारातून काही टाकलं का? खरं सांगा हं. लपवलं तर मला हात लावता येणार नाही, आणि कबूल केलं तर ते तिकिटात, म्हणजे तक्रारीच्या नोंदीत, तुमच्या नावानं लिहावं लागेल. हेड ऑफिसला कॉपी जाते.”

नाही म्हणणं किती सोपं होतं! आपोआप झालं, मला काय माहीत. पण चालू लाइनीचा आवाज येत होता, आणि खटक्यापाशी एक म्हातारा तिच्या शब्दावर साहेबाला तिष्ठत ठेवून उभा होता.

“टाकलं,” ती म्हणाली. “मी टाकलं. न विचारता. लिहा.”

“बरं. मग घाबरू नका. फाइल डिस्कवरून गेली तरी चालू प्रोग्रामच्या हातात आहे. तो जिवंत आहे तोवर त्याच्याकडूनच तिची नक्कल काढता येते. मी सांगते तसं टाइप करा. आणि या वेळी प्रत्येक ओळ मला वाचून दाखवायची.”

तिनं वाचून दाखवली. एकेक अक्षर, शाळेत पाढे म्हणावेत तसं. बारा मिनिटांत लायब्ररी पुन्हा आपल्या जागी बसली.

“आता बंद करून चालू केलं की उठेल?” निलोफरनं विचारलं.

“उठायला हवं,” श्रद्धा म्हणाली. “खात्री चालू केल्यावरच.”

ही कसली खात्री! पण अर्जुनरावांनी तिच्याकडे बघितलं, तिनं मान हलवली आणि त्यांनी खटका पाडला. शेड एकदम गप्प झाली. ती शांतता निलोफरच्या कानात शिरली आणि बाहेर पडेचना.

मशीन धुतली, माळा चढल्या, आरती झाली. सगळे देवीकडे बघत होते, ती कपाटाच्या काचेतल्या विझलेल्या दिव्याकडे. नारळ फुटला. मेन चढलं. सर्व्हरला उठायला तीन मिनिटं लागतात हे तिला ठाऊक होतं, पण तीन मिनिटं म्हणजे केवढी असतात हे तिला त्या दिवशी कळलं. लाल दिवा. लालच. मागं कुणीतरी खाकरलं. कुणीतरी म्हणालं, “पुन्हा तसंच होतंय काय राव?” या अल्ला, माझ्यासाठी नको, अब्बांसाठी.

दिवा हिरवा झाला.

अर्जुनरावांनी बटण दाबलं. धप्प! टाळ्या पडल्या, पेढे फिरले, मोठे साहेब कॅमेऱ्याचं विसरूनही गेले. विलास सर मात्र मोबाइलवर तिकीट वाचत होते. मान वर न करता म्हणाले, “सोमवारी केबिनमध्ये ये.” निलोफर खांबाला टेकून खाली बसली आणि तिला रडू फुटलं. नोकरी राहते की जाते कोण जाणे. पण लाइन सुरू झाली होती.

अर्जुनराव येऊन तिच्यापुढे उभे राहिले. पेढा तसाच हातात, न खाल्लेला.

“बापाला फोन लाव तुझ्या,” ते म्हणाले.

“काका, अब्बांना नका सांगू…”

“लाव म्हन्तो ना.”

तिनं लावला. प्रेसच्या आवाजात ऐकू येईना म्हणून स्पीकर चालू केला. म्हाताऱ्यानं फोन दोन्ही हातांत धरला. आता भ्यायची पाळी त्यांची होती.

“लालभाई, मी अर्जुन. कंपनीतला.” ते पुढं बोलले, “त्या वर्साला तेलाचा वॉल्व मी बंद केल्ता. धुताना. उघडायचा इसारलो. तीन तासांनी गुमान उघडला आन् गप बसलो. तुझा हात न्हवता लागला. माझा व्हता.”

पलीकडे गॅरेजमध्ये पान्याचा आवाज होत होता, तो थांबला.

“ठाऊक आहे, अर्जुनराव,” अब्बा म्हणाले. “वॉल्व्हच्या दांडीवर कुंकवाचा अंगठा होता, आणि कुंकवाची वाटी तुमच्याच हातात असते. त्याच महिन्यात तुमच्या लेकीचं, नीलाचं लग्न होतं, म्हटलं जाऊ दे.” मग त्यांनी विचारलं, “ते सोडा. पोरीचं मशीन सुरू झालं का, तेवढं सांगा.”