कपाटाचे बूट

सुताराने लग्नानंतर बायकोला स्वतःच्या हातांनी कपाट करून दिलं होतं. साखरेला मुंग्या लागू नयेत म्हणून बायकोने त्याच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या आणि त्यांना नाव दिलं कपाटाचे बूट. तीस वर्षांत घरात तोच शब्द रुळला. बायको सवयीने बूट भरत राहिली, पण त्यांत पाणी साठतं, हे दोघंही विसरून गेली.

म्हणूनच आरोग्यखात्याची बाई दारात आली आणि घरात कुठे पाणी साठवता का, असं विचारू लागली, तेव्हा सुताराने छातीठोकपणे नाही म्हणून सांगितलं. पिंप झाकलेलं, कुंड्या कोरड्या. बिचारा खोटं बोलला नव्हता.

पंधरवड्याने बायको तापाने फणफणली. डेंगी निघाला. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं, आणि पोट दुखू लागलं तर घरी थांबू नका, असं बजावलं. तीन दिवस ती पडून होती. दुपारचं ऊन सरकत कपाटापाशी जाई, वाट्यांतले कवडसे छतावर हलत, आणि उशाशी पेंगणाऱ्या सुताराला वाटे, खोलीची नाव झालीये, आपण दोघं कुठेतरी वाहत चाललोय.

चौथ्या दिवशी ताप उतरला. सुताराच्या जिवात जीव आला. तो रंधा घेऊन बसला, तेवढ्यात ती कुशीवर वळून पुटपुटली, "अहो, कपाटाचे बूट नाचतायत."

"नाचू देत. उद्या तूही नाचशील."

"चेष्टा नाही. बघा तरी."

तिचं मन राखायला तो जमिनीवर पालथा पडला आणि टॉर्च लावला. वाटीत केसाएवढ्या अळ्या वरखाली गिरक्या घेत होत्या. मुंगीला दार लावलं आणि डासाला पाळणा बांधला, हे त्याला तिथेच उमगलं.

मान वर केली, तर पांघरुणाखाली तिने पोट दोन्ही हातांनी आवळून धरलेलं दिसलं.

"दुखतंय?"

"सकाळपासून. तुम्ही इतके खूश होतात, म्हटलं राहू दे."

अंगावरचा भुसा न झटकता तो तिला दवाखान्यात घेऊन गेला. खरा धोका ताप उतरल्यावरच असतो, वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. सहाव्या दिवशी ती घरी आली. कपाट अनवाणी उभं होतं आणि साखरेत मुंग्यांची रांग लागली होती. खाऊ देत, ती म्हणाली, त्या निदान रक्त तरी पीत नाहीत.

आरोग्यखात्याची बाई पुन्हा आली. तिने कागद उघडायच्या आतच सुतार म्हणाला, "ताई, लोकांना पाणी विचारू नका. बूट विचारा."

तिला काही कळेना. आतून बायकोचं हसू ऐकू आलं.