वाकलेली फांदी

"आत्या, ह्या वाल्या कागदावर बाबांचा हाथ पण आलाय!" गुंजन जवळजवळ ओरडलीच.

भिंतीवर खडूनं आखणी करणाऱ्या अल्पनाआत्यांनी मान वळवली नाही. "येणारच. फांदी कोण धरणार होतं, तुझा तो देवासचा नवरदेव राजवीर?"

धारच्या या घराचं देवक कळंबाचं. लग्नात देवक जिथं बसवायचं, त्या भिंतीवर फुललेला कळंब रंगवायचा ही घरची रीत. आता कळंब फुलणार श्रावणात आणि लग्न निघणार माघात! म्हणून आत्या श्रावणातच फुलांचा अभ्यास उरकून ठेवत. कळी, उमललेलं चेंडूसारखं फूल, मधोमध चिरलेला चेंडू, पानाची पाठ, सगळं झाडाखाली बसून. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली होती. फोटोवरून फुलं काढणाऱ्यांची त्यांना कीव येई. गेल्या श्रावणात वाऱ्यानं फांदी हलू नये म्हणून त्यांचे दादा, गुंजनचे वडील, ती खाली ओढून तासन्‌तास उभे राहिले होते. दिवाळीनंतर दादा गेले.

"भिंतीवर पण काढ ना हा हाथ," गुंजन म्हणाली. "देवकाला काका-काकू बसतील, कन्यादान पण तेच करतील. बाबा कुठं तरी दिसायला पाहिजेत की नाही?"

आत्यांची खडूची रेघ सरळच गेली. "अभ्यासाच्या कागदावर काय वाट्टेल ते येऊ दे. देवकाच्या भिंतीवर फक्त झाड. तू रंग कालव, बाकी माझ्यावर सोड."

चित्र पुरं झालं. केशरी चेंडू, त्यांवर पांढरे तुरे, भिंत कशी भरून गेली. हात कुठंच नव्हता. गुंजन हिरमुसली, पण आत्यांपुढं कोण बोलणार?

देवक बसवायच्या दिवशी इंदूमावशींनी चित्र निरखलं. "सुंदर झालंय हो! पण ही एकच डाली एवढी खाली कशी? फुलं तर दोनच आहेत हिला."

"धरलीय ना," आत्या म्हणाल्या आणि पाहुण्यांच्या चहाचं बघायला आत गेल्या.

गुंजन जागीच थांबली.

काका-काकूंची पूजा आटोपल्यावर ती भिंतीपाशी गेली. फांदी सर्वांत जास्त वाकली होती तिथं, कोऱ्या चुन्यावर, तिनं हळदीचं बोट टेकवलं. मग थोडा वेळ तळहातही.