सटवाईची लिपस्टिक

कात्रपमधल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये स्कूटर काढायलाही जागा उरली नव्हती. तिथे सटवाईची लिपस्टिक आली होती.

बाळाच्या पाचवीला सटवाई येते आणि कपाळावर नशीब लिहिते, हे आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. पण लिहून झाल्यावर ती ओठ रंगवते आणि एकदा घाईत लिपस्टिक विसरून गेली, हा शोध दर्पणबाबांचा. काळी-लाल, बोटाएवढी वस्तू उंच धरून ते सांगत, "माई, टेन्शन नहीं लेने का. आपलं कपाळ आपल्याला दिसत नाही, म्हणून आईने आरसा ठेवलाय."

लिपस्टिकच्या अंगावर खरंच आरशाची पट्टी होती. इतकी अरुंद, की तीत कपाळच मावे. बाबा ती समोर धरून कधी "जय सटवाई" म्हणत, कधी "जय जय सटवाई". गर्दी तेच ओरडे आणि आरशातल्या कपाळावर अक्षरं उमटत: 'निरोगी' किंवा 'बाधा'. बाधावाल्यांनी बाबांचं तेल विकत घ्यायचं आणि पुन्हा रांगेत यायचं.

तळमजल्यावरच्या वेणूबाईंना आधी बाधा निघाली, तेल लावल्यावर निरोगी. त्यांनी त्याच दिवशी मधुमेहाचं इंजेक्शन बंद केलं. त्यांची नात राजसी माझ्याकडे गणित शिकायला येते. ती म्हणाली, "आजोबा, आजी सारखी पाणी मागते, आणि नुसती झोपून असते."

मी समजवायला गेलो. वेणूबाई पडल्या पडल्याच म्हणाल्या, "मास्तर, डॉक्टरचं कागदावर लिवलेलं. हे कपालावर लिवलेलं."

आता उशीर करून चालणार नव्हतं. मी स्केचपेनाने राजसीच्या कपाळावर 'निरोगी' लिहिलं आणि तिला आरशापुढे उभं केलं. ती बघतच राहिली.

"उलटं दिसतंय."

"आणि बाबांच्या आरशात?"

"आजीने तर सरळ वाचलं." मग तिचे डोळे मोठे झाले. "म्हणजे ते कपाळावर नाहीच. आरशाच्या आत आहे."

कपाळ न पुसताच ती खाली धावली आणि सगळ्यांदेखत बाबांना हेच विचारलं. बाबा गोड हसले. "बेटी, सटवाई उलटंच लिहिते. म्हणून तर आरशात सुलटं दिसतं."

गर्दीला हे फारच पटलं. दुसऱ्या मजल्यावरच्या किर्तीने, देवी डावखुरी आहे का, असंही विचारून घेतलं.

राजसी हिरमुसली. मी तिच्या कानात एवढंच विचारलं, ज्याला कपाळच नाही, त्याचं काय? ती घरात गेली आणि भरितासाठी आणलेला लाल भोपळा उचलून घेऊन आली. तो तिने खुर्चीत बसवला.

"याचं बघा."

भोपळ्याची पाचवी होत नसते, बाबा म्हणाले. मग काहीच दिसणार नाही, दाखवायला काय हरकत आहे, असं राजसीचं म्हणणं. लोक हसायला लागले. बाबांनी आरसा भोपळ्यासमोर धरला आणि तोंड घट्ट मिटलं. आरशात नुसता भोपळा.

तेवढ्यात राजसी ओरडली, "जय सटवाई!" सवयीने सगळं पार्किंग गरजलं आणि भोपळा निरोगी झाला.

मागून शिवराम वॉचमन म्हणाला, "दोनदा जय बोलून बघा ना." बोलले. भोपळ्याला बाधा झाली.

"आता तेल लावा त्याला," किर्ती म्हणाली.

म्हणजे जय ऐकणारा कुणीतरी जवळच होता. मी तेलाच्या खोक्यांमागचा पडदा सारला. तिथे बाबांचा चेला बबन दोन मोबाइल घेऊन बसला होता. आणि सटवाईची लिपस्टिक हासुद्धा मोबाइलच होता. फॅशनसाठी तसा घडवलेला, एकही बटण नसलेला. स्क्रीन विझली की तिचा आरसा व्हायचा. बाबांनी तो उल्हासनगरच्या बाजारातून जुना उचलला होता. बबनचे दोन नंबर त्यात 'निरोगी' आणि 'बाधा' या नावांनी साठवलेले. एक जय ऐकला की बबन एका नंबरवरून फोन लावी, दोन ऐकले की दुसऱ्यावरून. आवाज बंद असल्याने आरशावर फक्त नाव उमटे.

गलका ऐकून वेणूबाई भिंत धरत दारापर्यंत आल्या होत्या. राजसीने तो फोन आजीच्या हातात दिला आणि बबनला फोन लावायला सांगितलं. वेणूबाईंनी स्वतःच्या कपाळावर 'बाधा' वाचलं, मग खुर्चीतल्या भोपळ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "पोरी, रिक्षा बोलाव. डॉक्टरकडं जाऊ."

मुलांनो, चमत्कार दिसला तर भिऊ नका आणि भुलूही नका. एक भोपळा आणून ठेवा. जो आरसा भोपळ्यालाही निरोगी म्हणतो, त्याला तुमच्या आजीची काय खबर? तिची साखर कपाळावर नसते, रक्तात असते. आणि रक्त तपासायला सटवाई लागत नाही.