लोय्झेची प्लेट नको

ब्रिनाने ती प्लेट काही चोरून काढली नाही. सकाळचा सराव संपला होता. स्नोबोर्डांना मेण लावायच्या खोलीत सगळा संघ जमला होता, कुणी बूट ओढून काढत होतं, कुणी थर्मासमधला चहा ओतत होतं. तिने आपला बोर्ड टेबलावर आडवा टाकला, खिशातून पाना काढला आणि एकेक स्क्रू सोडायला लागली.

"सैल झालीय का गं?" उर्श्काने विचारलं.

"नाही. काढतेय."

"काढतेयस म्हणजे?"

"म्हणजे काढतेय. परत लावणार नाहीये."

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. पलीकडच्या कोपऱ्यात संघाच्या बोर्डांच्या धारा घासत उभा असलेला म्हातारा म्हणजे लोय्झे कोत्निक, ब्रिनाचा बाप. आणि ती प्लेट त्याच्या हातची. त्याने कानस थांबवली. पोरीकडे पाहिलं, टेबलावरच्या प्लेटकडे पाहिलं आणि पुन्हा धार घासायला लागला. फक्त आता जरा जोरात.

त्या प्लेटचं महत्त्व पोहोर्येच्या त्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. धारेवर झोकून देऊन, कोपर बर्फाला टेकेल इतकं कलून वळणं घेणारी ही मंडळी. त्यांचे बूट कडक, बोर्ड लांब नि अरुंद, आणि या दोहोंच्या मधे ही प्लेट. पुढच्या बाजूला पक्की बसवलेली, मागच्या बाजूला किंचित सरकणारी. त्यामुळे खाली बोर्ड मोकळेपणाने वाकतो, उतारावरचे गचके गिळतो आणि वरचा माणूस डगमगत नाही. लोय्झे पूर्वी ट्रॅक्टरच्या कारखान्यात लेथवर होता. कारखाना बंद पडल्यावर त्याने घरच्या गोठ्यातून गाई हलवल्या, तिथे यंत्रं बसवली आणि थोरल्या पोरासाठी, आंद्राझसाठी, पहिली प्लेट बनवली. आंद्राझ म्हणजे अंगापिंडाने बैल. त्या प्लेटवर तो असा सुटायचा की खाली उभ्या लोकांना बर्फ कापल्याचा आवाज आधी ऐकू यायचा. त्याने पदकं आणली, मग सगळ्या संघाने ती प्लेट घेतली, मग परदेशातून मागण्या आल्या. स्मरेच्ये गावाच्या वेशीवर पाटी लागली, लोय्झेच्या प्लेटचं गाव म्हणून. पुढे आंद्राझचा गुडघा गेला, तो ग्राझला नोकरीला लागला. प्लेट मात्र तशीच राहिली, त्याच जाडीची, त्याच ताठरपणाची.

ब्रिना आईवर गेली होती. लहान चणीची, हलकी. त्या प्लेटवर ती अर्ध्या उतारापर्यंत कुणालाही हरवायची. पण खाली, जिथे आधीच्यांनी खणून खणून चर पाडलेले असत, तिथे पायाखाली दार बांधल्यासारखं व्हायचं. ती कलायची, प्लेट हटून बसायची, आणि धार लागायची ती वळण निम्मं सरून गेल्यावर. दोन हिवाळे तिने ऐकून घेतलं. प्रशिक्षक ग्रेगोर, जो एकेकाळी आंद्राझबरोबर शर्यती खेळलेला, म्हणायचा, "पाय कमी पडतात तुझे." बाप म्हणायचा, "भावाचं बघ." आई मायदा ताटात आणखी एक डाव वाढायची. ब्रिनाने पोट फुटेस्तोवर खाल्लं, मांड्या भरून येईस्तोवर बैठका काढल्या. वजन वाढलं ते गालांवर.

शेवटी त्या वर्षीच्या शरद ऋतूत, सीमेपलीकडे ऑस्ट्रियातल्या हिमनदीवर सराव चालला असताना, तिने सरळ दुसऱ्या संघांच्या मुलींना विचारायला सुरुवात केली. आज तुझी प्लेट दे, उद्या तुझी. एक प्लेट होती अगदीच बुटकी, बोर्डाला चिकटलेली. तिच्यावर पायाला सगळं कळायचं, पण कळायचं इतकं की दात वाजायचे. दुसरी उंच होती नि सुळकन फिरायची, पण सरळ जाताना बोर्डाचं शेपूट हलायचं. तिसरी एका ऑस्ट्रियन मुलीची, ब्रिनाच्याच वजनाची. पातळ, मधे वाकणारी, मागच्या बाजूला मऊ रबर. पहिल्याच वळणाला ब्रिनाने अंग टाकलं आणि धार लगेच लागली. वळणाच्या अगदी तोंडाशी. खालच्या चरांत शिरली तेव्हा तिने सवयीने दात आवळले होते. आवळायची गरजच पडली नाही. तळाशी थांबल्यावर ती तशीच बर्फात बसली आणि हसत सुटली, आणि मग तिला राग आला. दोन हिवाळे!

तरी तिने घाई केली नाही. ओल्या बर्फात वापरून पाहिली, गोठलेल्या उतारावर पाहिली, पुढचा बूट थोडा मागे घेऊन पाहिली. प्रत्येक वेळी तेच. मग तिने ती मागवली. अडचण एवढीच की ती बनवणारा होता रीग्लर. हा रीग्लर एका उन्हाळ्यात लोय्झेच्या गोठ्यात पाहुणा म्हणून आला होता, त्याची जंगली बोरांची दारू प्यायला होता, प्रत्येक यंत्राचं कौतुक करून गेला होता आणि पुढच्याच हिवाळ्यात त्याने स्वतःची प्लेट बाजारात आणली होती. लोय्झेच्या घरात त्याचं नाव चोर याच अर्थाने घेतलं जाई.

रविवारी दुपारी, सुपातल्या शेवया अजून कुणी तोंडात घातल्या नव्हत्या, तोच लोय्झेने तोंड उघडलं.

"कुणाची आहे?"

"रीग्लरची," ब्रिना म्हणाली.

मायदाच्या हातातला डाव भांड्यावर आपटला. "अगं, निदान जेवून तरी घ्यायचंस!"

"त्यांनी विचारलं, मी सांगितलं."

"या घरात," लोय्झे म्हणाला, "त्या चोराची प्लेट?"

"घरात नाही आणली. गाडीत आहे."

"जास्त शहाणपणा करू नकोस. अर्धं जग माझ्या प्लेटवर उभं आहे. त्यांना जमतं, तुला जमत नाही. मग दोष कुणात?"

"कुणातच नाही, बाबा. ती प्लेट तुम्ही दादासाठी बनवलीत. दादाला पाहून, दादाच्या वजनाला, दादाच्या पायाला. मी दादा नाहीये."

"ते दिसतंयच मला."

मायदा म्हणाली, "लोय्झे!"

ब्रिनाचा चेहरा पांढरा पडला, पण ती उठली नाही. तिने चमचा उचलला आणि सूप संपवलं, शेवटच्या शेवईपर्यंत. मग म्हणाली, "दोन वर्षं तुम्ही माझ्या पायांना नावं ठेवलीत. एकदा तरी विचारलंत, पायाखाली काय होतं म्हणून?"

 लोय्झेने रुमालाने मिशा पुसल्या आणि गोठ्यात निघून गेला.

ग्रेगोरने तिला दुसऱ्या दिवशी उतारावर नेणाऱ्या लिफ्टखाली गाठलं. पुढच्याच आठवड्यात जागतिक मालिकेतली शर्यत गावच्या उतारावर होणार होती.

"हे बघ ब्रिना, घरची शर्यत आहे. टीव्हीवाले येणार. लोय्झेची पोरगीच दुसऱ्याची प्लेट लावून आली तर कसं दिसेल?"

"जोरात जाताना दिसेल."

"चेष्टा नकोय. संघाची प्लेट एक आहे."

"नियम दाखव."

नियम नव्हता. ग्रेगोरने टोपी काढली, डोकं खाजवलं. "ठीक आहे. पण पहिल्या सोळांत आली नाहीस, तर पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या फळीत. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

"चालेल. आणि आले तर पुन्हा माझ्या पायांबद्दल बोलायचं नाही."

"तू ना, अगदी बापावर गेलीस," तो पुटपुटला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी लोय्झेने सगळ्यांच्या बोर्डांच्या धारा लावल्या. ब्रिनाचा बोर्ड रांगेत होता. त्याने तो उचलला, बाजूला भिंतीला टेकवला आणि पुढचा घेतला.  ब्रिनाने बोर्ड काखेत मारला, रिकामं टेबल शोधलं आणि स्वतः कानस घेतली. लहानपणापासून ती हे काम बघत आली होती, पण हाताला बापाची सफाई नव्हती. कानस सटकली, अंगठ्याच्या मुळाशी कापलं. उर्श्का धावली, "दे इकडे, मी करते."

"नको. तुलाही उद्या माझ्याचविरुद्ध उभं राहावं लागेल कदाचित. मग म्हणतील, मैत्रिणीने वाईट धार लावली." तिने अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळली आणि धार पुरी केली.

सकाळी उतार काचेसारखा होता. पात्रता फेरीतून सोळा जणींत ती शिरली, पण जेमतेम, शेवटून दुसरी. म्हणजे बाद फेरीत पहिलीच गाठ सकाळी सर्वांत वेगवान ठरलेल्यांपैकी एका स्विस मुलीशी. लाल मार्ग नि निळा मार्ग, दोघी शेजारी शेजारी, एकाच वेळी सुरुवातीची दारं उघडतात. वरच्या भागात ती स्विस मुलगी पुढे होती. खाली चर सुरू झाले. ब्रिनाने गुडघे सैल सोडले, प्लेट तिच्याबरोबर वाकली, धार लागली, सुटली, पुन्हा लागली. रेषा ओलांडली तेव्हा स्विस मुलगी मागे होती.

गर्दीतून आरोळी उठली ती अर्धवट. स्मरेच्येच्या लोकांना पोर जिंकल्याचा आनंद झाला होता, पण तिच्या पायाखाली काय होतं तेही त्यांनी पाहिलं होतं. बेकरीवाला झोरान कुंपणावरून ओरडला, "ब्रिना, पुढच्या वेळी पावही ऑस्ट्रियाहूनच आण!"

"तुझा असाच कडक राहिला तर आणीन!" तिने खालून उत्तर दिलं, आणि मग मात्र लोक मोकळेपणाने हसले.

पुढची फेरी उर्श्काशी पडली. उर्श्का उंच, दणकट. लोय्झेची प्लेट तिला अंगाबरोबर शिवल्यासारखी बसायची. दोघी वरपासून खालपर्यंत खांद्याला खांदा लावून आल्या. वळणाच्या शेवटच्या दोन निशाणांत ब्रिना हातभर पुढे सरकली. उर्श्काने रेषेवर तिला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "मला तुझी हवीय असं समजू नकोस हं. मला माझीच बरी."

"तेच तर सांगतेय मी सगळ्यांना," ब्रिना धापा टाकत म्हणाली.

उपांत्य फेरीत ती हरली. तिसऱ्या जागेच्या लढतीत तिने फारच झोकून दिलं, एका वळणाला घसरली आणि पडली. चौथी. एवढ्या वर पूर्वी कधी पोचली नव्हती. रेडिओवाल्या बाईने ध्वनिक्षेपक पुढे केला. मागे तीन पावलांवर लोय्झे संघाचे बोर्ड गोळा करत होता.

"ब्रिना, सगळा संघ तुमच्या वडिलांच्या प्लेटवर असतो. आज तुम्ही नव्हतात. काही खास कारण? ऐन वेळी मोडली वगैरे?"

बाईने तिच्यापुढे सोयीचं उत्तर ताटात वाढलं होतं. मोडली म्हटलं असतं तर घरात शांतता, गावात शांतता, बापाची मान ताठ. ब्रिनाने बर्फ लागलेले केस मागे सारले.

"नाही, मोडली नाही. त्यांची प्लेट मोडत नसते. ती मोठ्या, वजनदार माणसांसाठी उत्तम आहे. माझ्यासाठी नाही. माझ्यासारखीसाठी त्यांनी अजून बनवलेलीच नाही. म्हणून मी दुसऱ्याची घेतली आणि उद्याही घेईन."

लोय्झेने दोन बोर्ड खांद्यावर टाकले आणि मागे न बघता निघून गेला.

घरात महिनाभर तिच्याशी तो मीठ मागण्यापलीकडे बोलला नाही. ब्रिनाही गयावया करायला गेली नाही. ती उठायची, सरावाला जायची, रीग्लरची प्लेट आता उघडपणे ओसरीवर सुकायला ठेवायची. मायदा वैतागून म्हणायची, "दोघंही एकाच लाकडाचे ओंडके. मधे मी एकटी माणूस." गावात दोन तट पडले. ज्यांच्या मुली हलक्या होत्या ते ब्रिनाच्या बाजूने, बाकीचे लोय्झेच्या. गोठ्यातून मात्र यंत्राचा आवाज येत राहिला.

मार्चमध्ये, बर्फ सकाळी कडक नि दुपारी रवाळ होऊ लागला तेव्हा, लोय्झे उताराच्या पायथ्याशी आला. काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याने ते ब्रिनाच्या हातात कोंबलं.

"घालून बघ."

नवी प्लेट होती. पातळ, मधे कातरलेली, हलकी. बापाच्या हातची सफाई कडेकडेला दिसत होती. ग्रेगोर, उर्श्का, दोघंही बघत होते.  ब्रिना तिथेच बसली, रीग्लरची प्लेट सोडली, ही लावली आणि लिफ्टने वर गेली.

खाली आली तेव्हा लोय्झे टोपी हातात घेऊन उभा होता.

"काय?"

सगळ्यांना वाटलं, आता ती त्याच्या गळ्यात पडेल. तिलाही क्षणभर तसंच वाटलं. हो म्हणणं किती सोपं होतं.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "पुढून सुरेख आहे. रीग्लरपेक्षा चांगली. पण मागे मरते. वळणातून बाहेर पडताना काहीच परत देत नाही. हिच्यावर मी शर्यत खेळणार नाही."

"मागे मरते?" लोय्झेचा आवाज चढला. "मागे मरते म्हणजे काय? तीन वेळा कापून बसवलंय मी ते रबर!"

"तरी मरते."

"डोकं फिरलंय तुझं!"

"असेल. पण प्लेट मरते."

ती खाली बसली आणि त्याच्या डोळ्यांदेखत नवी प्लेट सोडून रीग्लरची पुन्हा लावू लागली. लोय्झेने एक अस्सल पोहोर्येची शिवी हासडली, आपली प्लेट उचलली, तिचं मागचं टोक अंगठ्याने दाबून पाहिलं. पुन्हा दाबून पाहिलं. मग ब्रिनासमोर बर्फातच उकिडवा बसला.

"नेमकं कुठे मरते? टाचेखाली, की त्याच्याही मागे?"

ब्रिनाने पाना बाजूला ठेवला, कडक बूट त्याच्यापुढे केला आणि बोटाने जागा दाखवली. तो वाकून बघू लागला. मग मान हलवत म्हणाला, "जा, आणखी एकदा खाली ये. त्या चोराच्या प्लेटवरच ये. मला तुझे गुडघे बघू दे."