एका बाजूचे केस

मार्च महिन्यात चियांग माईत शेतं-रानं जाळल्याच्या धुराने डोंगर दिसेनासे होतात आणि आईबाप शाळा शोधत फिरायला लागतात. आम्हीही फिरत होतो. आमची बायतोय पाच वर्षांची. घरात तोंडाला खळ नाही, पण उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की चिडीचूप. पहिल्या शाळेत पोहण्याचा तलाव होता. तिथे ती माझ्या पायाला मिठी मारून बसली. दुसरीने सांगितलं, बोलायला लागली की आणा. माझा नवरा थनित वैतागून म्हणाला, "जिथे पोरगी तोंड उघडेल ती आपली शाळा. तलाव-बिलाव गेला खड्ड्यात."

तिसरी शाळा म्हणजे लामयाईच्या फळझाडांमधलं एक लाकडी घर. मुलं मोजकीच, कोरियन, जर्मन, जपानी, आमची थाई, सगळी मिसळ. माहितीपत्रकावर मुख्याध्यापिकेचा फोटो होता. तो पाहिला आणि मी लगेच ओळखलं. ख्रू विलाई, म्हणजे विलाईबाई. सरकारी शाळेतली माझी चौथीची शिक्षिका.

त्या काळी मुलींचे केस कानाच्या पाळीखाली गेलेले चालत नसत. माझे बोटभर खाली होते. झेंड्यासमोर, सगळ्या शाळेदेखत तिने मला रांगेतून ओढलं, एका बाजूचे केस कानाच्या वरपर्यंत कापले आणि म्हणाली, "दुसरी बाजू घरी कापून घे. तुझ्या आईलाही कळू दे." दोन्ही हातांनी डोकं झाकून मी घरी आले. आई रडली. मी रडले नाही. मी मनात धरून ठेवलं.

शाळा बघायला जायच्या आदल्या दिवशी मी केस कापणाऱ्या बाईकडे गेले आणि एक बाजू कानाच्या वरपर्यंत उडवून घेतली. नवऱ्याशी भांडलीस की काय, तिने विचारलं. म्हटलं, भांडण आहे, पण नवऱ्याच्याही आधीचं.

ख्रू विलाई दारातच होती. पांढऱ्या केसांचा नीटस अंबाडा. हात जोडून, हसून म्हणाली, "बायतोयची आई ना? काय छान कापलेत हो केस. अगदी नव्या पद्धतीचे."

तिने मला ओळखलंच नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग तिने सगळ्या पालकांना वर्ग दाखवले. कुणी धुराचं विचारलं, तिने हवा स्वच्छ करणारी यंत्रं दाखवली. कुणी शिस्तीचं विचारलं. ती म्हणाली, "विचारल्याशिवाय आम्ही मुलाच्या केसालाही हात लावत नाही."

सगळ्यांदेखत तिचं पितळ उघडं पाडायचं, हे मी घरूनच ठरवून आले होते. मी पुढे झाले. तेवढ्यात अंगणातून खणखणीत आवाज आला, "माझी बादली दे." बायतोय. परक्या मुलांशी बोलत होती. थनितने माझा हात घट्ट धरला. त्याचे डोळे भरून आले होते. शाळा ठरली. मी तोंड मिटलं, पण राग काही गिळला नाही.

बाकीचे आंबा आणि चिकट भात खायला अंगणात गेले. चित्रकलेच्या खोलीत मी ख्रूला गाठलं आणि सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मला नाही आठवत," ती म्हणाली. "पुष्कळ मुलींचे कापले मी. तेव्हा नियमच होता तसा."

चुकलं म्हणाली असती तर कदाचित मी परत फिरले असते. पण तिने नियम काढला. टेबलावर मुलांची बोथट कात्री होती, ती मी उचलली.

"बसा."

ती हसायला गेली, मग माझा चेहरा पाहून थांबली. "मुलीला इथेच घालणार ना?"

"घालणार. पण आधी हे."

ती मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसली आणि तिने स्वतःच अंबाड्याचा आकडा काढला. आमच्यात थोरांच्या डोक्याला हात लावत नाहीत, शिक्षकांच्या तर नाहीच नाही. म्हणूनच मी लावला. कात्री केस कापण्यापेक्षा चावतच होती. कानाच्या वरपर्यंत नेली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

"दुसरी बाजू घरी कापून घ्या," मी म्हणाले.

मागे पाणी सांडल्याचा आवाज झाला. दारात बायतोय उभी होती, बादली पायाशी आडवी. तिने ख्रूकडे पाहिलं, जमिनीवरच्या केसांकडे पाहिलं, माझ्या हातातल्या कात्रीकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी आपलं डोकं झाकलं आणि पळत जाऊन ख्रूच्या कुशीत शिरली.

मला पश्चात्ताप झालेला नाही. ख्रूने कुणाला काही सांगितलं नाही. आता ती केस आखूडच ठेवते. बायतोय शाळेत दिवसभर बोलते म्हणे. घरी माझ्या हातात कंगवा दिसला की थनितच्या मागे लपते. सकाळी पिंजारलेल्या डोक्याने जाते, दुपारी दोन सुरेख वेण्या घालून येते. एकदा न राहवून विचारलं, कुणी घातल्या?

"ख्रू विलाईने," ती थनितकडे बघत म्हणाली. "ती आधी विचारते, हात लावू का म्हणून."